मुरूम लागला, असं मी सांगितलं

वडगाव निंबाळकर
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. संस्कृतीस,
घरच्या सगळ्यांचा आशीर्वाद.

तू फोन उचलत न्हाईस म्हनून पत्र लिवते. मी सुप्याच्या शाळंत सातवीपातूर शिकले. त्याच्या म्होरं लिवायचं काम पडलं ते निस्तं सोसायटीत सही करायपुरतं. तवा बोलते तसंच लिवते, समजून घे.

हितं समदं बरं हाय. आबांचा गुडघा थंडीनं धरतोय, पन त्ये काय नवं न्हाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. ऊस तुटून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना बांध चेपला, त्यावरनं आबा आन त्यो दोघं भांडली आन मंग दोघंबी च्या प्याली. सौरभ सकाळी डेअरीला दूध घालून येतो आन दिसभर रानात ऱ्हातो. बोलत न्हाय फारसा.

घर बी बरं हाय. पुढच्या खोलीचं दार जरा घासतंय, खांदा लावून ढकलावं लागतंय. पन नव्या दाराचं तसंच असतंय. भिंतीतल्या त्या चिरीवर मी क्यालेंडर लावलंय, आता आल्यागेल्याला दिसत न्हाय.

परवा संक्रांत. लगीन झाल्यापासनं तुझी हितली एक बी संक्रांत चुकली न्हाय. बायका इचारत्यात, इंजिनेर सून कुठं हाय? मी सांगते, अंथुर्ण्यावरनं कालेज जवळ पडतंय म्हनून म्हायेरी ऱ्हायलीय. दिवाळीपासनं हेच सांगते. आता त्या इचारताना एकमेकीकडं बघत्यात.

तू ये. नवराबायकोत एखादा शबूद वरखाली हुतोच. सौरभ रागाच्या भरात बोलला. घराला चिरी पडल्या त्याला कोन काय करनार? काळं रान, वरनं पाऊस बी तसाच झाला. ह्यात कुनाची चूक म्हनायची? कुनाचीच न्हाय.

तीळगूळ धाडते. गोड मानून घे.

तुझी सासू,
कुशाबाई


वडगाव निंबाळकर
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संस्कृतीस,

तुझं उत्तर आलं न्हाय. मी वाट बघत हुते आन येऊ नये असं बी वाटत हुतं.

काल सौरभ अंथुर्ण्याला येऊन गेला ते मला त्यो परत आल्यावर कळलं. रातच्याला जेवताना आबास्नी सांगत हुता. म्हनला, तिनं कालेजात मातीचा विषय सोडला. सायबास्नी म्हनली, दुसऱ्या कुनाला द्या. पोरं वर्गात इचारत्यात, म्याडम, तुमच्याच घराला चिरी पडल्या ते खरं हाय का? ज्या बाईला सवताच्या घराचा पाया धरता आला न्हाय तिनं दुसऱ्याला काय शिकवायचं, असं तू म्हनलीस म्हनं. जूनला नोकरी बी सोडनार हायस म्हनं.

आबा म्हनलं, "पोरगी हुशार हाय रं. हिशेब चुकला आसंल कुठंतरी."

माझा घास तोंडातच ऱ्हायला. तुझा हिशेब चुकला न्हाय, संस्कृती. मागलं पत्र मी खोटं लिवलं. चूक कुनाचीच न्हाय असं लिवलं, त्ये खोटं हाय. चूक माझी हाय.

मागच्या वर्षी पायाचं चर खांदायला घेतलं तवाचं सांगते. मागच्या दोन खोल्यांचं काम तू हुबं ऱ्हाऊन करून घेतलंस. काळी माती संपून खाली घट्ट मुरूम लागला, तवा तू सवता साडी खोचून चरात उतरलीस, टिकाव मारून बघितलास आन मंगच म्हनलीस, "भरा आता." पुढच्या अंगाला मातूर माती संपंना. डोक्याएवढं खोल गेलं तरी काळीच. रतन मिस्त्री इचारायचा, म्याडम, अजून किती? तू म्हनायचीस, मुरूम लागंस्तवर. ही माती पावसात फुगती आन उनात आवळती, तिच्यावर भिंत ठिवली तर भिंत बी तिच्यासंगं हलनार. हे तू मला चुलीपाशी बसून सांगितलं हुतंस, दोनदा. मी हं म्हनलं हुतं.

आमच्या सुप्याला हातभर खांदलं की मुरूम लागतो. माझ्या बाचं घर तसल्या हातभर पायावर अजून हुबं हाय. मला वाटलं ही पोरगी पुस्तकातलं बोलती. माती ती माती, तिला काय कळतंय फुगायचं.

जाऊबाई संजीवनी बांधावरनं वरडायची, "अक्का, घर बांधताय का हीर पाडताय?" गडी हसायचं. ते बी मी सोसलं असतं. एक दिस मी रतनला म्हनलं, बास कर आता. तर माझ्याकडं न बघताच त्यो म्हनला, "म्याडमना इचारल्याबिगर न्हाय, वैनी." ते मातूर माझ्या काळजात घुसलं. ह्या घरात आजपातूर माझ्या शबदाबिगर एक वीट हालली न्हाय, आन माझ्याच दारात गवंडी मला इचारीना.

मंग तू पेपर तपासायला पुन्याला गेलीस. मी रतनला सांगितलं, म्याडमचा फोन आला हुता, म्हनल्या एवढं खोल बास झालं, माती लोटून चर वर आना आन पाया धरा. त्यानं इचारलं, "नक्की ना, वैनी?" मी म्हनलं, व्हय. उपसल्याली काळी माती त्यांनी परत चरात लोटली. धुम्मसानं ठोकून घट्ट केली न्हाय, पानी मारलं न्हाय. मीच घाई केली. तिच्यावर काँक्रीट वतलं.

तू आलीस आन भरल्यालं चर बघून थांबलीस. मला इचारलंस, "आई, मुरूम लागला का?"

मी म्हनलं, लागला, चांगला पिवळाधमक.

तू म्हनलीस, "बरं झालं." आन बॅग घेऊन आत गेलीस.

त्या दिसापासनं आजपातूर ते 'बरं झालं' माझ्या कानात हाय.

दिवाळीत सौरभ तुला बोलला, तुझ्या शिक्षनावर इस्वास ठेवून घर बांधलं आन समदा गाव हसतोय. तू म्हनत हुतीस, "मी सगळं परत मांडून बघितलं, मला माझी चूक सापडत नाही." त्यो म्हनला, सापडनार कशी, शिकल्याल्या मानसाला सवताची चूक दिसत न्हाय. मी सैपाकघरात करंज्या भरत हुते. समदं ऐकलं. मधी निस्तं एक दार हुतं. मी भायेर आले न्हाय. करंजीचं तोंड दाबत बसले.

सौरभला मी अजून सांगितलं न्हाय. रतन परवा बाजारात भेटला. दाढी वाढल्याली. म्हनला, "वैनी, म्याडमनीच सांगितलं हुतं ना?" आन मी परत म्हनलं, व्हय. म्हंजी बघ, परवापातूर मी खोटंच बोलते हाय. तुला आधी लिवलं, कारन कागूद उलटून बोलत न्हाय.

मातीचा विषय सोडू नगंस.

कुशाबाई


वडगाव निंबाळकर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संस्कृतीस,

पत्र पोचलं आसंल. तुझ्याकडनं काय न्हाय. ते बरुबरच हाय.

तू पह्यल्या वर्षी ओट्यावर दोन गिलास ठिवलं हुतं. एकात पानी, एकात रॉकेल, आन दोन्हीत आपल्या रानाची बारीक चाळल्याली कोरडी माती. मी वास येतो म्हनून दोन्ही मोरीत वतलं आन तुला सांगितलं बी न्हाय. तू सांजच्याला येऊन गिलास हुडकत हुतीस.

परवा मी तसंच करून बघितलं. रॉकेल आता कुठं मिळतंय, पन संजीवनीच्या माळ्यावर जुन्या कंदिलातलं हुतं. पुढच्या भिंतीपासली माती उकरून वाळवली, कुटली, पिठाच्या चाळनीनं चाळली आन दोन्हीत सारखी घातली. आबा म्हनलं, काय चाललंय, औषिद करतीस का? मी म्हनलं, व्हय, माझ्यासाठीच.

दुसऱ्या दिसाला बघितलं. रॉकेलातली माती हुती तेवढीच तळाला. पान्यातली दुप्पट व्हायला आली हुती. मी गिलास हालवून बघितला, परत ठिवला, परत बघितला. तेवढ्याशा मातीला एवढा फुगवटा, आन घराखाली तर गाड्याच्या गाड्या माती हाय. मागच्या खोल्या तू मुरमावर घट्ट बसवल्यास, त्या जाग्यावर हायत. पुढची खोली पावसात वर उचलती आन उनात खाली बसती. मधी फाटनार न्हाय तर काय हुईल? तू हेच सांगत हुतीस. गिलासात बघितल्यावर मला कळलं. तुझ्या तोंडनं ऐकून कळलं आसतं तर किती बरं झालं आसतं.

मंग मी गोठ्यात गेले. सौरभ धार काढत हुता. तांबडीच्या मागं हुबी ऱ्हाऊनच बोलले, त्याचं तोंड दिसू नये म्हनून. समदं सांगितलं. रतनला काय म्हनले, तुला काय म्हनले, समदं.

धारंचा आवाज थांबला.

"आई, मी तिला काय काय बोललो तुला ठावं हाय का?"

"व्हय. मी सैपाकघरातनं ऐकत हुते."

"ऐकत हुतीस?"

"व्हय."

"आन गप बसलीस."

त्यो उठला. दुधाची बादली तितंच ठिवली, गाय तशीच अर्धी पिळल्याली, आन मोटारसायकल काढून गेला. मला वाटलं तुझ्याकडंच गेला. तर त्यो ओढ्याच्या पुलावर जाऊन बसला हुता, आबांनी हुडकून आनला. तवापासनं जेवतो, पन ताट मी वाढलं तर हात लावत न्हाय. सवता वाढून घेतो. आबा बी माझ्यासंगं बोलत न्हाईत, निस्तं हं हं करत्यात. तू फोन उचलायचीस तवा करायचीस तसं.

मी तक्रार करत न्हाय. तुला कळावं म्हनून लिवते.

कुशाबाई


वडगाव निंबाळकर
२ मार्च २०२५

चि. सौ. संस्कृतीस,

सौरभच्या मोबाईलवर तुझा निरोप आला. त्यानं मला वाचून दावला. त्या दिसापासनं पह्यल्यांदाच त्यो माझ्या म्होरं येऊन बसला. "पुढच्या भिंतीला लागून एकाच ठिकाणी, माणूस बसेल एवढा खड्डा घ्या. भिंतीच्या सगळ्या लांबीने खणू नका, भिंत खचेल. पायाचा तळ दिसला की थांबा आणि फोटो पाठवा." एवढंच. कशी हायस, बरी हायस का, काय न्हाय. कुनाच्या नावानं न्हाय. तरी मी त्यो निरोप त्याला दोनदा वाचाय लावला.

खड्डा घ्यायला रतनलाच बोलवायला पायजे हुतं. मी सवता त्याच्या घरी गेले. त्याची बायको दारात हुती, तिनं पानी दिलं. मी रतनला म्हनलं, म्याडमनी तसं सांगितलंच नव्हतं. मी खोटं बोलले हुते.

त्यो मानूस उंबऱ्यावर बसला. मंग म्हनला, "वैनी, अंजनगावच्या घराचं काम माझ्या हातनं गेलं. त्ये म्हनलं, तू इंजिनेरनीच्या घराची अशी वाट लावली, आमच्या घराची काय लावशील? मी म्हनलं न्हाय कुनाला, की म्याडमनीच चुकीचं सांगितलं. म्हनलं, आपल्या पोरीसारखी हाय, कशाला तिचं नाव घ्यायचं."

त्याची बायको आत निघून गेली. माझ्या हातातलं पानी तसंच.

रतन आला पन. टिकाव घेऊन आला, माझ्यासंगं एक शबूद बोलला न्हाय. सौरभ आन त्यानं मिळून खड्डा घेतला. पायाचा तळ लागला तवा सौरभ म्हनला, आई, हितं ये, बघ. मी खाली उतरले. काँक्रीटच्या खाली माती असायला पायजे ना? माती आवळून खाली गेल्याली. पाया आन मातीच्या मधी फट. मी हात घातला, तर मनगटापातूर आत गेला. आतनं गार हवा लागली. एवढी मोठी भिंत त्या जाग्याला कशावरबी टेकल्याली नव्हती.

मी हात काढीना. सौरभ म्हनला, "वर ये आता." मंग त्यानंच धरून वर घेतलं.

बांधावर संजीवनी हुबी हुती, अजून चारदोन बायका हुत्या. मी तितंच सांगितलं. सुनंनं सांगितलं हुतं मुरमापातूर न्ह्या, मी न्हेऊ दिलं न्हाय, सुनंची काडीची चूक न्हाय. संजीवनी कायतरी बोलंल म्हनून मी वाट बघत हुते. ती पाठ फिरवून घरला गेली. सांजच्याला एकटीच आली, मला हाताला धरून तिच्या घरी न्हेलं आन भिंतीजवळचं कपाट सरकवलं. मागं अशी चीर की आत दिवा ठिवावा. म्हनली, "अक्का, तीन वर्सं झाली, मी कपाट हालवलं न्हाय." आमी दोघी त्या चिरीम्होरं बसलो. हसावं का रडावं कळंना.

फोटो सौरभनं धाडल्यात. रतन च्या न पिता गेला.

कुशाबाई


वडगाव निंबाळकर
२३ मार्च २०२५

चि. सौ. संस्कृतीस,

तू कालेजच्या पोरांना घेऊन आलीस त्याला आज चार दिस झालं. तवापासनं लिवीन लिवीन म्हनते.

सौरभनं इचारलं हुतं, ती वर्ग घेऊन येऊ का इचारती, तुला चालंल का? मी म्हनलं, मला कोन इचारतंय, घर तिचं हाय. पन गाडी दारात थांबली आन तू उतरलीस, तवा मी पडवीच्या खांबामागं गेले. तू वाळलीयस. केस बी कापल्यात. कालेजच्या पोरीपोरांत तू कुठली हे पह्यल्यांदा कळलंच न्हाय मला.

मी तुला शिकवताना कवाच बघितलं नव्हतं. तू खड्ड्याच्या कडंला हुबी ऱ्हाऊन एका पोराला म्हनलीस, "आधी कडेची माती मागे ओढ, मग खाली उतर. तुझ्याच वजनानं कड सुटेल." त्यानं ऐकलं. समदी तुझं ऐकत हुती. मातीचं एक ढेकूळ तू हातात घेतलंस, मोडलंस, पानी लावून त्याची वळी वळलीस, बारीक दोऱ्यासारखी. म्हनलीस, एवढी बारीक होऊनही तुटत नाही, म्हणजे हिच्यात चिकण किती आहे बघा. जितकी चिकण जास्त, तितकी ही पाणी पिणार. मी तशाच वळ्या वळून खिरीसाठी वळवट करते, पन त्यात एवढं काय बघायचं असतंय ते मला ठावं नव्हतं.

मंग त्या चष्मेवाल्या पोरीनं इचारलं, "म्याडम, मागचा पाया मुरमावर आहे, मग पुढचा वर का ठेवला? कुणाचा निर्णय होता?"

तू थांबलीस. मी खांबामागनं बघत हुते, रतन बी तितंच हुता, पोरांना टेप धरू लागत हुता. तू म्हनलीस, "साइटवर एक निरोप चुकीचा गेला."

तू मला झाकलंस. एवढं समदं झाल्यावर, तुझ्याच पोरांम्होरं, तुझी लाज गेल्याली आसताना तू मला झाकलंस. मला सोसलं न्हाय. मी पुढं आले आन म्हनलं, "चुकीचा न्हाय गेला, पोरी. मी खोटा धाडला. ह्या तुमच्या म्याडम पुन्याला गेल्या हुत्या, मी मिस्त्रीला सांगितलं त्यांनीच सांगितलंय. आन त्या आल्यावर मुरूम लागला म्हनून सांगितलं."

एक जन लिवत हुता त्याचा पेन थांबला. रतननं माझ्याकडं बघितलं आन मंग खाली बघितलं. तू मातूर थांबली न्हाईस. म्हनलीस, "चला, आता फटीची रुंदी मोजू. कोण उतरतंय?"

जाताना तू मोरीपासल्या नळावर हात धुवायला आलीस. मी टॉवेल घेऊन हुबी हुते. तू घेतलास. मला वाटलं आता कायतरी बोलशील, शिव्या देशील, काय बी. तू म्हनलीस, "आई, तुम्ही मुरूम लागला म्हणालात तेव्हा मी खाली उतरून बघायला पाहिजे होतं. मागच्या खोल्यांना बघितलं होतं. तेवढी चूक माझी. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मला बघावंसं वाटलं नाही."

आन गाडीत बसलीस. घरात आली न्हाईस. आबा आत च्या करून बसलं हुतं, त्यांनी सवता केला हुता, आयुष्यात पह्यल्यांदा. त्यो त्यांनी आन मी प्यालो.

संस्कृती, माझ्यावर इस्वास ठिवला ही तुझी चूक मांडू नगंस. मला ती बाकीच्या समद्यापेक्षा जड हाय.

आता जे लिवते ते आधी सौरभला सांगितलंय. बारामतीला तुमचं दोघांचं बिऱ्हाड करा. त्यो न्हाय म्हनत हुता. म्हनला, गाईचं कोन बघंल, तुमचं कोन बघंल. मी म्हनलं, सकाळी येत जा मोटारसायकलीवर, लई लांब न्हाय. तिला ह्या घरात परत बोलवायचं तोंड मला न्हाय, आन तू तिकडं गेल्याबिगर तुझ्या तोंडातलं त्ये दिवाळीचं बोलनं धुवून निघनार न्हाय. घर घाईनं बांधलं ते समदी एका छपराखाली ऱ्हावी म्हनून. निदान मी तरी तसंच म्हनत हुते. खरं म्हंजी मला माझ्या हातानं बांधल्यालं दावायचं हुतं. आता आमी दोघं ऱ्हातो हितं. चार खोल्या म्हंजी लई झाल्या.

तुझ्या डब्यातली हळद, तिखट, गोडा मसाला समदं नवं करून सौरभजवळ देते. नगं आसंल तर त्याला परत धाड. मी राग धरनार न्हाय.

कुशाबाई


अंथुर्णे
२७ मार्च २०२५

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमची सगळी पत्रं पोहोचली. उत्तर लिहायला बरेचदा बसले. दुसऱ्या पत्रानंतर तर एक उत्तर लिहून पूर्णही केलं होतं. ते फाडलं. त्यात जे होतं ते तुम्हाला वाचायला लागू नये असं वाटलं.

राग गेला, असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्यात आता तेवढं तरी नको. कॉलेजमध्ये वर्गाच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरायचे. माझीच आकडेमोड पुन्हापुन्हा करायचे. आपण वेडे आहोत की काय, असं वाटायचं. हे तुम्हाला माहीत असावं. सौरभलाही मी हे सांगितलं आहे.

मातीचा विषय मी परत घेतला. रतन मिस्त्रींना माझ्या ओळखीच्या दोन ठिकाणी सांगून ठेवलं आहे. अंजनगावच्या लोकांना मी स्वतः फोन केला. तुम्हीही एकदा त्यांच्याकडे जाऊन या.

बारामतीची खोली आम्ही बघितली. पाडव्याला तिथे जातो आहोत. मसाले मिळाले.

आता घराचं. मोरीचं पाणी पुढच्या भिंतीजवळ मुरतं, ते नळी टाकून लांब रानात सोडा. भिंतीलगतचा पेरू काढावा लागेल, तो उन्हाळ्यात तिथलं पाणी ओढून माती आणखी आवळतो. घराभोवती चार फूट रुंद फरशी करा, उतार बाहेरच्या बाजूला. खड्डा मात्र आहे त्याच मातीनं भरू नका, मुरूम आणून थराथरानं भरा आणि प्रत्येक थरावर धुम्मस करा. सौरभला मी दाखवलं आहे. एवढ्यानं भिंत बरी होणार नाही, पण हालचाल कमी होईल. दिवाळीनंतर माती कोरडी झाली की पुढच्या भिंतीखाली तुकड्यातुकड्यानं खणून पाया मुरमापर्यंत न्यायचा. एका वेळी थोडंच, पुढचा तुकडा आधीचा भरून झाल्यावर. ते काम मी स्वतः उभी राहून करून घेईन. त्या वेळी मागच्या एका खोलीत माझी राहण्याची सोय करा. प्रत्येक तुकड्याला खाली उतरून मी बघणार आहे, आणि तुम्हीही माझ्याबरोबर उतरायचं आहे.

तोवर पावसाळ्यात पुढच्या खोलीत झोपू नका. आबांची खाट आजच मागे हलवा. भिंत पडेल असं नाही. पण तुम्ही दोघं तिथे झोपलात तर मला इथे झोप लागणार नाही.

संस्कृती